नाशिकमध्ये हॉस्पिटलच्या ऑफिसकामात पोरांनी यावं का? आलात तर कुठल्या टेबलावर बसावं?

फाईलवाली_ताई (धागाकर्ती)

निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. 'ताई, पोरीला तुमच्या हॉस्पिटलात कुठे लावता येईल का?' यंदा सिडकोतून दोघी, दिंडोरीची एक आणि माझ्या नणंदेची मुलगी, अशा चार झाल्या. प्रत्येकीला तेच ते सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. माझं चुकत असेल तिथे जाणकारांनी दुरुस्त करावं.

मी २०११ साली मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात रिसेप्शनवर लागले. पगार साडेचार हजार, हातात रोख. पुढे बिलिंग, मग कॅशलेसचा टीपीए डेस्क (विमा कंपनीकडून थेट बिल मंजूर करून घेण्याचं टेबल), आणि गेली पाच वर्षं एमआरडी, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड. तीन हॉस्पिटलं बदलली. म्हणजे पेशंट दारातून आत येतो तिथपासून त्याची फाईल कपाटात जाते तिथपर्यंत प्रत्येक टेबलावर मी बसले आहे.

नाशिकमध्ये काम आहे आणि पुढेही राहील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्र्यंबक रोडचं सिव्हिल, शालिमारचं संदर्भ, नाशिकरोडचं बिटको, आडगावचं मेडिकल कॉलेज आणि मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत पसरलेली खासगी हॉस्पिटलं. पेठ-सुरगाण्यापासून धुळे-नंदुरबारपर्यंतचा पेशंट इथे येतो. आणि पेशंट सरकारी योजनेतला असो, विम्यातला असो की रोख भरणारा, त्याच्यामागे कागद आलाच.

पण सगळ्या खुर्च्यांचं भविष्य सारखं नाही. नुसतं नाव-पत्ता टाईप करून केस पेपर काढून देण्याचं काम आटत चाललंय. सरकारी ओपीडीत २०२२ पासून 'स्कॅन अँड शेअर' आलं. पेशंट मोबाईलवर क्यूआर स्कॅन करतो, त्याच्या आभा (सरकारी डिजिटल आरोग्य) खात्यातली माहिती थेट काउंटरच्या कॉम्प्युटरवर येते आणि टोकन मिळतं. टायपिंग संपलं. खासगीत अपॉइंटमेंट ॲपवर गेल्या. म्हणून फक्त रिसेप्शनवर पाच-पाच वर्षं काढलेल्या मुलींचा पगार जागचा हलत नाही, हे मी डोळ्यांनी पाहते आहे.

ज्या टेबलावर कागद वाचावा लागतो, तिथे मात्र माणूस लागतोच. एक उदाहरण देते. सटाण्याकडचे एक काका पायाच्या जखमेसाठी ॲडमिट झाले. पॉलिसी दोन वर्षांची. कॅशलेसची प्री-ऑथ, म्हणजे मंजुरीची विनंती, गेली आणि नकार आला : मधुमेह आधीपासूनचा आहे, प्रतीक्षा कालावधी संपलेला नाही. घरचे म्हणत होते, शुगर तर गेल्या वर्षी निघाली. मी फाईल पहिल्या पानापासून वाचली. रात्री ॲडमिट करताना ड्युटीवरच्या डॉक्टरांनी (आरएमओ) हिस्टरीत 'दहा वर्षांपासून' लिहिलं होतं. काकांच्या पिशवीत गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, सगळ्यात जुनी दहा महिन्यांपूर्वीची, आणि शुगर पहिल्यांदा निघाल्याचा लॅबचा रिपोर्टही तिलाच टाचलेला. घाईत महिन्यांचं वर्ष झालं होतं. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा विचारून खात्री केली, दुरुस्तीचं पत्र सही-शिक्क्यानिशी दिलं, सोबत जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट जोडले. संध्याकाळी मंजुरी आली. काकांचा मुलगा द्राक्षबागेवर उचल घ्यायला निघाला होता, तो थांबला.

हे काम कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. ते फाईल वाचून वाचून येतं, आणि ज्याला येतं त्याला हॉस्पिटल सहजासहजी सोडत नाही.

तुमचे अनुभव लिहा. पगाराबद्दलही मोकळेपणाने लिहा, पोरांना तेच कळत नाही.

---

रात्रपाळी_८_ते_८

ताई, सगळं पटलं, पण दुसरी बाजूही येऊ द्या. मी कॉलेज रोडकडच्या एका हॉस्पिटलात नाईटला आहे, रिसेप्शन कम बिलिंग. बारा तास. रिलीव्हर आला नाही तर सोळा. हातात अकरा हजार. दीड वर्ष झालं, पीएफ नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही, अपॉइंटमेंट लेटर मागितलं तर 'देऊ देऊ'. रात्री दोनला अपघाताची केस येते, डिपॉझिट मागायची जबाबदारी माझी आणि नातेवाइकांचा राग झेलायची जबाबदारीही माझीच. मॅनेजमेंटचा फोन लागत नाही. कुणी पोरीला यात ढकलणार असेल तर आधी हे वाचावं.

---

फाईलवाली_ताई

@रात्रपाळी, तुझं एकही वाक्य खोटं नाही. डिपॉझिटवरून माझ्या अंगावर फाईल फेकलेली आहे. त्या माणसाचा मुलगा आत होता, त्याला तरी काय बोलणार? पण पाठीशी कुणी उभं राहिलं नाही याचं दुःख अजून आहे.

तुझ्यासाठी आणि नवीन लागणाऱ्या प्रत्येकासाठी पीएफ-ईएसआयचं नीट लिहिते. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पीएफ लागू होतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० पर्यंत असेल तर तो कापणं बंधनकारक आहे : तुझे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. दहा माणसांवर ईएसआय, पगाराची मर्यादा २१,०००. त्यात तुझ्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो, मालकाचे सव्वातीन टक्के. अकरा हजारांवर तुझे साधारण ८३ रुपये होतात. तेवढ्यात तुला आणि घरच्यांना सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचार मिळतात. दिवसभर लोकांच्या विम्याची कागदपत्रं करणाऱ्या माणसाला स्वतःचा विमा नसावा, हे मला सहन होत नाही.

सकाळचे तास मागून घे. नाईटला शिकायला मिळत नाही, कारण टीपीए, अकाउंट्स, रेकॉर्ड हे सगळे दिवसा बसतात. सहा महिने दिवसपाळी आणि टीपीए डेस्कला मदतनीस म्हणून बसू द्या, असं लेखी माग. नाही म्हणाले तर दुसरीकडे बघ. दीड वर्षाचा अनुभव कमी नाही.

---

सिन्नरकर

ताई, मी माळेगाव एमआयडीसीत आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिला या कामाची आवड आहे, आजीच्या आजारपणात सगळी कागदपत्रं तिनेच सांभाळली. नाशिकला एका क्लासवाल्याने 'हॉस्पिटल मॅनेजमेंट डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी' म्हणून साठ हजार फी सांगितली आहे. हप्त्याने चालेल म्हणतो. भरावी का? आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

---

योजनेचा_टेबल

सिन्नरकर भाऊ, अजिबात घाई करू नका. आधी विचारा, सर्टिफिकेट कुणाचं? विद्यापीठाचं, की आरोग्य क्षेत्राच्या स्किल कौन्सिलचं, की क्लासच्या लेटरहेडवरचं? 'शंभर टक्के नोकरी' म्हणजे मागच्या बॅचची मुलं कुठे आणि किती पगारावर लागली ते दाखवा म्हणावं, आणि त्यातल्या दोघांशी तुम्ही स्वतः बोला. मी असाच एक कोर्स केला होता, तीन महिने पॉवरपॉइंट पाहिले. फाईल हातात घेतली ती थेट नोकरीत.

आता माझ्या टेबलाबद्दल. मी एका खासगी हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेचं (राज्याची मोफत उपचारांची योजना) काम बघतो. लोक आरोग्यमित्र आणि आम्ही यांत गल्लत करतात. आरोग्यमित्र योजनेकडून नेमलेला असतो, पेशंटला वाट दाखवायला. आम्ही हॉस्पिटलच्या पगारावर. मेडको, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या हाताखाली प्री-ऑथ टाकणं, फोटो, एक्स-रे, ऑपरेशन नोट्स अपलोड करणं, क्लेम पाठवणं, क्वेरी आली की उत्तर देणं, हे आमचं.

काम किती वाढलं ते योजनेच्या प्रवासावरूनच कळेल. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरुवात, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात, २०१७ ला महात्मा फुलेंचं नाव, २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली. आधी कुटुंबाला दीड लाखाचं संरक्षण होतं, पिवळं आणि केशरी रेशनकार्ड लागायचं. २०२४ च्या जुलैपासून ते पाच लाख झालं आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुलं झालं. पूर्वी जो माणूस दागिना गहाण टाकून यायचा तो आता रेशनकार्ड घेऊन येतो.

आणि अडतं कुठे? रेशनकार्डावर नाव 'सखूबाई', आधारवर 'सखुबाई', लग्नाआधीचं आडनाव तिसरंच. सुरगाण्याहून आलेल्या माणसाला 'नाव दुरुस्त करून या' म्हणणं फार सोपं आहे, पण त्याचा दिवस जातो, एसटीचं भाडं जातं आणि दुखणं वाढतं. कुठला पुरावा जोडला की भागतं, कुणाला फोन करायचा, हे माहीत असलेला माणूस टेबलावर असला तर तोच पेशंट त्याच दिवशी ॲडमिट होतो.

आणखी एक, मला अहिराणी येते. कळवण-सटाण्याकडची म्हातारी माणसं माझ्याशी मोकळं बोलतात, काय होतंय कधीपासून होतंय ते नीट सांगतात. इंटरव्ह्यूत हे आवर्जून सांगा. इंग्रजी स्पीकिंगइतकीच ही गोष्ट नाशिकच्या हॉस्पिटलात मोलाची आहे.

पगार : २०१९ ला नऊ हजार, आज साडेएकोणीस. पीएफ आहे. श्रीमंत झालो नाही, पण घर चालतं.

---

निफाडचा_कोडर

मी दुसऱ्या वाटेने गेलो, तेही लिहितो. बी.एस्सी. झाल्यावर मेडिकल कोडिंग. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या नोंदी वाचून त्यांना आजाराचे आणि उपचारांचे कोड द्यायचे. तिथे २०१५ च्या ऑक्टोबरपासून आयसीडी-१० ही कोडची नवी यादी लागू झाली, कोड कित्येक पटींनी वाढले, आणि त्यांचं बरंच काम भारतात आलं. कोडरसाठी सीपीसी परीक्षा असते, चार तास, शंभर प्रश्न, सत्तर टक्क्यांना पास. शरीररचना पक्की लागते, त्यामुळे बी.एस्सी., फार्मसी, फिजिओ, बीएचएमएस झालेली मुलं इकडे जास्त. बी.कॉम.ला अशक्य नाही पण दुप्पट अभ्यास आहे.

पगार हॉस्पिटलच्या ऑफिसपेक्षा चांगला. मात्र नाशिकमध्ये मला संधी मिळाली नाही, पुण्याला यावं लागलं. कोडिंग दिवसा चालतं, एआर कॉलिंग (अडकलेल्या बिलांसाठी विमा कंपन्यांना फोन करणं) मात्र अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रीचं.

खरं सांगायचं तर साधे चार्ट आता सॉफ्टवेअर स्वतः कोड करायला लागलंय. आमच्याकडे गुंतागुंतीचे आणि तपासणीचे येतात. माझी आत्येबहीण वीस वर्षांपूर्वी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन शिकली होती, हेडफोन लावून डॉक्टरांचं बोलणं टाईप करायचं. त्या वेळी केवढी मागणी होती! मग बोललेलं आपोआप लिहिणारी यंत्रं आली आणि तिचं काम गेलं. ती आता शाळेच्या ऑफिसात आहे. म्हणून फक्त कोड पाठ असलेल्या माणसाची मला काळजी वाटते. नोंद वाचून 'इथे डॉक्टरांना विचारावं लागेल' हे ज्याला कळतं, तो टिकेल असं मला वाटतं.

---

पंचवटीतला_डॉक्टर

माझं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. मालक म्हणून लिहितो, राग आला तरी चालेल.

आम्ही छोटे लोक मोठ्या हॉस्पिटलांएवढा पगार देऊ शकत नाही. विम्याचे आणि योजनेचे पैसे दोन-तीन महिने अडकतात, आणि पहिल्या तारखेला सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय सगळ्यांचे पगार द्यायचे असतात. तरीही अपॉइंटमेंट लेटर न देणं, पीएफ बुडवणं याला कारण म्हणून मी हे सांगत नाही. ते चूकच आहे. @रात्रपाळी यांनी तिथून निघावं.

छोट्या हॉस्पिटलचा फायदा असा की एकच व्यक्ती सगळं शिकते. माझ्याकडची मुलगी सकाळी अपॉइंटमेंट बघते, दुपारी कॅशलेस, संध्याकाळी डिस्चार्ज. दोन वर्षांत तिला जे येतं ते मोठ्या ठिकाणी एका काउंटरवर बसून पाच वर्षांत येत नाही. माझ्याकडून गेलेल्या दोघी आज मोठ्या हॉस्पिटलांत टीपीए विभाग सांभाळतात. गेल्या तेव्हा वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला.

विमा नियामकाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलचं बिल वाढलं तर तो खर्च विमा कंपनीने सोसायचा. हा नियम पेशंटच्या बाजूचा आहे. पण घड्याळ सुरू होतं ते आम्ही पूर्ण कागद पाठवल्यावर. डिस्चार्ज समरीवर सही नाही, एक रिपोर्ट राहिला, की क्वेरी आली आणि पेशंट संध्याकाळपर्यंत पलंगावर. त्यामुळे फाईल पहिल्या फटक्यात पूर्ण पाठवणारा माणूस आज मला हवा आहे, आणि असा माणूस मिळत नाही. अर्ज येतात ते 'कॉम्प्युटर येतो, कोणतंही काम चालेल' असे.

---

देवळाली_कॅम्प

माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी : इथल्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये क्लार्क, डेटा एन्ट्री अशा कंत्राटी जागा अधूनमधून निघतात आणि माजी सैनिक व अवलंबितांना प्राधान्य असतं. जाहिरातीवर लक्ष ठेवा. तसंच ईसीएचएसच्या यादीवरच्या खासगी हॉस्पिटलांना रेफरल आणि बिल अपलोड समजणारी माणसं लागतात.

---

इंदिरानगर_आई

सरकारी नोकरीचं कुणी लिहिलं नाही म्हणून विचारते. मुलगा आरोग्य खात्यात लिपिक व्हायचं म्हणतो आणि दोन वर्षं घरी अभ्यास करतोय. बाहेर काम कर म्हटलं की चिडतो.

---

फाईलवाली_ताई

@इंदिरानगर_आई, त्याला चिडवू नका, पण टायपिंग झालंय का ते विचारा. लिपिकासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची सरकारी परीक्षा लागते, सोबत एमएस-सीआयटी. पुष्कळ मुलं सामान्यज्ञान पाठ करतात आणि टायपिंग जाहिरात आल्यावर बघू म्हणतात. सकाळी अभ्यास आणि दुपारची पाळी हे जमतं, आमच्याकडचे दोघं तसंच करतात. पदवी राहिली असेल तर गंगापूर धरणाकडचं मुक्त विद्यापीठ आहेच. मी स्वतः नोकरी करत तिथून बी.ए. केलं, परीक्षेला नाईट करून जायची.

@पंचवटीतला_डॉक्टर, मालकाकडून हे ऐकून बरं वाटलं.

एमआरडीबद्दल माझ्याकडून राहिलं. लोकांना वाटतं रेकॉर्ड म्हणजे तळघरातली धूळ. पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षं जपायच्या, पोलीस केसच्या फाईली त्याहून जास्त काळ. एनएबीएच हे दर्जाचं प्रमाणपत्र घेतलेल्या हॉस्पिटलात तपासनीस येतात तेव्हा सही, वेळ, संमतीपत्र अपुरं असलेल्या फाईली हाताने काढून दाखवाव्या लागतात. त्यामुळे एमआरडीतून क्वालिटी विभागात जायचा रस्ता आहे, आणि तिथला पगार बरा आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात तर आरोग्य माहिती व्यवस्थापन हा वेगळा गट धरलाय, त्यात क्लिनिकल कोडर आणि मेडिकल सेक्रेटरीसुद्धा आहेत. चौदा वर्षं 'ऑफिसातली मुलगी' म्हणवून घेतल्यावर कायद्यात आपल्या कामाचं नाव वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

---

नवी_टीपीए

ताई, एक विचारू? आठ महिने झाले मला. परवा वरिष्ठांनी सांगितलं की हिस्टरीतलं जुन्या आजाराचं पान 'बदलून' पाठव, क्लेम अडकतोय. तुमच्या काकांच्या केससारखं नव्हतं, आजार खरंच जुना होता. पेशंट गरीब आहेत. मी काय करायला हवं होतं?

---

फाईलवाली_ताई

पान बदलायचं नाही. कितीही गरीब पेशंट असला तरी नाही. काकांच्या फाईलमध्ये चूक होती आणि चिठ्ठी-रिपोर्टचा पुरावा होता, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच्या सहीने दुरुस्ती केली. जुनं पान फाईलमध्ये तसंच राहिलं. तुला सांगितलं ते खोटं आहे. पकडलं गेलं तर पेशंटची पॉलिसी रद्द होऊ शकते, हॉस्पिटल विमा कंपनीच्या यादीवरून जाऊ शकतं आणि लॉगिन तुझ्या नावाचं असतं.

त्या पेशंटसाठी करण्यासारखं बरंच असतं. त्यांची पॉलिसी कधीची ते बघ. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, कधी कधी ती संपलेलीही असते आणि कुणी तारीख मोजत नाही. रेशनकार्ड मागव, महात्मा फुलेत तो उपचार बसतो का ते @योजनेचा_टेबल सारख्या माणसाला विचार. धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर तिथे निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा असतात. आणि लॉगिनचा पासवर्ड आजच बदल, कुणालाही देऊ नकोस.

---

नवी_टीपीए

पान बदललं नव्हतं. आजारी आहे सांगून घरी आले होते. पॉलिसीची तारीख उद्या बघते.

---

नवी_टीपीए

पॉलिसीला तीन वर्षं एक महिना झालाय. पुन्हा टाकली आहे प्री-ऑथ, खऱ्या हिस्टरीसकट.

---

सिन्नरकर

सगळ्यांचे आभार. क्लासवाल्याला मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर मागितले, त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. साठ हजार वाचले.

मुलगी द्वारकेजवळच्या एका पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला गेली होती. आजीच्या फाईलचं सांगितलं, कोणते कागद कशाला लागले ते सगळं. तिथल्या मॅडमने एक जुनी फाईल समोर ठेवली आणि काय कमी आहे ते शोध म्हणाल्या. हिला संमतीपत्रावरची सही नसलेली दिसली. बारा हजार, दिवसपाळी, पीएफ पहिल्या महिन्यापासून, लेटर हातात. तुम्ही लिहिलेलं वाचून हिनेच विचारलं होतं, मी बाहेर बसलो होतो.

सोमवारपासून जाणार. पहिल्या दिवशी सोबत काय न्यावं?

---

फाईलवाली_ताई

शंभर पानी वही. रोज आलेली प्रत्येक क्वेरी आणि तिला काय उत्तर दिलं ते लिहायचं, पेशंटचं नाव मात्र लिहायचं नाही. आणि डबा. कॅन्टीनला जायला वेळ मिळत नाही.

---

नवी_टीपीए

मंजुरी आली!